मालदांडीपासून फुले २६५ पर्यंत: कृषी विद्यापीठाचं संशोधन शेतापर्यंत येतं कसं?

खरीप तोंडावर आला की बियाण्यांच्या बातम्या सुरू होतात. कुठे हवा तो वाण मिळत नाही, कुठे पेरलेलं उगवत नाही, कुठे दुबार पेरणीची वेळ येते. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या आल्या, की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अशा वेळी पारावर आणि वाहिन्यांवर एकच सवाल ऐकू येतो: राज्यात चार-चार कृषी विद्यापीठं आहेत, ती करतात तरी काय?

प्रश्न रास्त आहे. ही विद्यापीठं जनतेच्या पैशावर चालतात, त्यांनी हिशेब द्यायलाच हवा. पण उत्तर सहज सापडत नाही, कारण विद्यापीठाचं काम शेतात पोहोचेपर्यंत त्याच्यावरचं विद्यापीठाचं नाव पुसलेलं असतं. सोयाबीनची गोणी महाबीजची, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळाची असते, उसाचं बेणं शेजारच्या गावातून आलेलं असतं आणि 'यंदा फरदड घेऊ नका', म्हणजे हंगाम संपल्यावर कापूस पुढे राखू नका, हा सल्ला मोबाइलवर फिरत फिरत येतो. या तिन्हींच्या मागे कुठल्या तरी संशोधन केंद्रावर काही वर्षं खपलेली माणसं असतात, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा सगळा प्रवास इथे मुळापासून मांडतो आहे.

## आधी चार विद्यापीठांची ओळख

शेतीचं संशोधन विद्यापीठांच्या आधीपासून चालू होतं. निफाडचं गहू केंद्र आणि पाडेगावचं ऊस केंद्र ही दोन्ही १९३२ सालची. तेव्हा ही केंद्रं शेती खात्याकडे होती, शिकवणं महाविद्यालयांकडे होतं आणि गावोगाव सांगण्याचं काम तिसऱ्याच यंत्रणेकडे.

शिकवणं, शोधणं आणि शेतकऱ्यापर्यंत नेणं ही तिन्ही कामं एका छताखाली आणावीत, हा विचार स्वातंत्र्यानंतर जोर धरू लागला. अमेरिकेत तशी महाविद्यालयं एकोणिसाव्या शतकापासून होती. भारतातलं पहिलं कृषी विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला निघालं. महाराष्ट्रात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६८ मध्ये पहिलं विद्यापीठ स्थापन झालं, तेच आजचं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. पण कोकणातला भात, वऱ्हाडातला कापूस आणि मराठवाड्यातली कोरडवाहू ज्वारी यांचे प्रश्न एका ठिकाणाहून सुटणारे नव्हते. विदर्भात स्वतंत्र विद्यापीठासाठी आंदोलन झालं आणि १९६९ मध्ये अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आलं. १९७२ मध्ये दापोली आणि परभणी ही आणखी दोन झाली.

एवढ्यावरही भागत नाही. पाऊस, माती आणि पिकं पाहून राज्याचे नऊ कृषी हवामान विभाग पाडले आहेत आणि त्यांच्यासाठी विभागीय संशोधन केंद्रं आहेत. अवर्षणप्रवण भागासाठी सोलापूर, घाटमाथ्यासाठी इगतपुरी, पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यासाठी सिंदेवाही, दक्षिण कोकणासाठी वेंगुर्ला. शेतकऱ्याचा खरा संबंध यायला हवा तो या केंद्रांशी. विद्यापीठाचं मुख्यालय बहुतेकांच्या वाटेवरच नसतं.

## एका वाणाला दहा-बारा वर्षं कशाला?

नव्या वाणाची सुरुवात बहुधा संकरातून होते. एक झाड भरपूर दाणे देणारं, दुसरं रोगाला दाद न देणारं. एकाचे परागकण दुसऱ्याच्या फुलावर घालून बी तयार केलं जातं. अडचण पुढच्या पिढीपासून सुरू होते. एकाच संकराच्या लेकरांत कुणी उंच, कुणी बुटकं, कुणी लवकर येणारं, कुणी उशिरा. त्यांतून हवी ती झाडं निवडायची, त्यांचं बी वेगळं पेरायचं, पुन्हा निवडायचं. सगळी झाडं एकसारखी येईपर्यंत सहा-सात पिढ्या जातात. बहुतेक पिकांचा हंगाम वर्षातून एकदाच येतो, त्यामुळे एवढ्यातच सहा-सात वर्षं सरतात.

त्यानंतर चाचण्या. नवा वाण शेजारी लावलेल्या तुल्य वाणापेक्षा सरस ठरावा लागतो. तुल्य वाण म्हणजे त्या भागात आधीच रुळलेला, ज्याच्याशी तुलना करायची तो वाण. एका तुकड्यात जास्त उतारा आला म्हणून निकाल लावता येत नाही, कारण तिथली माती खोल असेल किंवा बांधाकडून ओल येत असेल. म्हणून तोच वाण त्याच शेतात तीन-चार ठिकाणी विखरून लावतात, वेगवेगळ्या केंद्रांवर लावतात आणि निदान तीन वर्षं लावतात. त्यात एखादं वर्ष कोरडं जातं, एखादं अतिवृष्टीचं. दोन्हीत टिकला तर शेतकऱ्यांच्या शेतावर चाचणी होते.

मग चारही विद्यापीठांची वार्षिक संयुक्त बैठक होते. या क्षेत्रातली माणसं तिला जॉइंट अ‍ॅग्रेस्को म्हणतात. तिथे सगळे आकडे मांडले जातात, इतर विद्यापीठांचे शास्त्रज्ञ उलटतपासणी करतात आणि पुष्कळ प्रस्ताव परतही जातात. पार झालेल्या वाणाची पुढे राजपत्रात अधिसूचना निघते.

यात वेळ वाचवता येतो. वर्षातून दोन पिढ्या घेण्याच्या सोयी आणि जनुकांच्या खुणा पाहून रोपावस्थेतच निवड करण्याचं तंत्र आता उपलब्ध आहे. पण चाचणीच्या तीन वर्षांना कात्री लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चुकीचा वाण फसला तर किंमत पूर्ण हंगामाची असते आणि ती शेतकरी मोजतो.

## मूठभर बियाण्यापासून गोणीपर्यंत

वाण प्रसिद्ध झाला त्या दिवशी विद्यापीठाकडे त्याचं बियाणं असतं थोडंसंच. लाखो एकरांवर ते न्यायचं कसं? विरजणासारखं. चमचाभर चांगल्या विरजणावर आधी वाटीभर दही लावायचं, त्यातून पातेलंभर, त्यातून हंडाभर. पहिल्याच चमच्यात खोट असेल तर ती हंड्यापर्यंत उतरते.

या पहिल्या चमच्याला पैदासकार बियाणं म्हणतात. ते ज्यांनी वाण तयार केला त्यांच्याच देखरेखीखाली पिकतं आणि त्याच्या पिशवीला सोनेरी पिवळी खूणचिठ्ठी असते. त्यापासून पायाभूत बियाणं, चिठ्ठी पांढरी. पायाभूतपासून प्रमाणित बियाणं, चिठ्ठी निळी. शेतकरी दुकानातून घेतो ते बहुधा प्रमाणित किंवा सत्यप्रत. सत्यप्रत म्हणजे त्याच्या दर्जाची ग्वाही उत्पादक स्वतः देतो, प्रमाणीकरण यंत्रणा देत नाही. मधल्या टप्प्यांवर महाबीज, राष्ट्रीय बीज निगम, खासगी कंपन्या आणि बीजोत्पादक शेतकरी असतात. विद्यापीठाचं नाव पुसलं जातं ते इथे.

हा प्रवास सर्व पिकांत सारखा नाही. रब्बी ज्वारीला हेक्टरी साधारण १० किलो बियाणं लागतं. त्यातून १० क्विंटल बियाणं हाती आलं तर वर्षात शंभर पट झालं. सोयाबीनला हेक्टरी ७५ किलोच्या आसपास लागतं आणि १५ क्विंटल निघालं तरी वाढ वीस पटच. म्हणून सोयाबीनचा चांगला वाण जाहीर झाल्याची बातमी वाचून दुकानात गेलेला शेतकरी पहिली दोन-तीन वर्षं हात हलवत परततो. वाण कागदावरच आहे असं त्याला वाटतं. पण तेव्हा तो दोन-तीन बीजप्लॉटमध्ये वाढत असतो.

उसाची गोष्ट आणखी वेगळी, कारण ऊस कांडीने लावतात. को ८६०३२ हा वाण कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेतल्या संकरातून आला, पाडेगावला निवडला-तपासला गेला आणि १९९६ मध्ये महाराष्ट्रासाठी त्याची शिफारस झाली. पुढे २००७ मध्ये पाडेगावहूनच को एम ०२६५, म्हणजे फुले २६५ आला. पाण्याच्या अतिवापराने खारपड झालेल्या जमिनीतही तो तग धरतो, म्हणून कृष्णाकाठच्या अनेक शेतकऱ्यांनी तो धरला. या दोन वाणांनी किती गावांचं अर्थकारण हलवलं, हे साखरपट्ट्यात कुणालाही विचारा.

## ज्वारीच्या रानाची खोली

विद्यापीठाच्या संशोधनाचं मोल समजून घ्यायला मला ऊस किंवा डाळिंबापेक्षा रब्बी ज्वारी जास्त जवळची वाटते. हे पीक गरिबाचं, कोरडवाहू आणि फारसा नफा न देणारं. बियाणं विकणाऱ्याला यात काही मिळत नाही, कारण शेतकरी घरचंच बी वर्षानुवर्षं पेरतो.

सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण काढला गेला. ही गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीची आणि तो वाण आजही पेरला जातो. भाकरीची चव आणि कडब्याचा दर्जा, या दोन्हीत लोकांनी त्याला सोडलं नाही. पुढच्या शास्त्रज्ञांपुढे प्रश्न उभा राहिला तो मालदांडीपेक्षा चांगलं कुठे आणि काय देता येईल हा.

रब्बी ज्वारी पावसाळा संपताना पेरतात आणि ती जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. मातीचा थर जितका खोल तितकी ओल जास्त दिवस पुरते. हलक्या रानात ही ओल पीक पोटरीत असतानाच, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधीच संपते, भारी रानात दाणा भरेपर्यंत टिकते. तेव्हा दोन्ही रानांना एकच वाण देणं चूक होतं. राहुरी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण वेगळे केले. ३० सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीला लवकर येणारा फुले अनुराधा, ६० सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, त्याहून खोल जमिनीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. परभणीहून परभणी मोती आला.

वाणाच्या जोडीला मशागतही आहे. पीक वाढू लागलं की काळ्या रानाला भेगा पडतात आणि त्यातून ओल उडून जाते. म्हणून ठरावीक आठवड्यांनी कोळपण्या करा आणि भेगा बुजवायला दातेरी कोळपं वापरा, ही शिफारस कोरडवाहू संशोधनातून आली आहे. तिला बाजारातून काहीही विकत आणावं लागत नाही. ज्या सल्ल्यात विकण्यासारखं काही नसतं तो शोधायला आणि सांगायला सार्वजनिक संस्थाच लागते. या लेखात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

## 'कंपन्या आहेत की! सरकारी संशोधन हवंच कशाला?'

कंपन्यांचं काम मोठं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. संकरित मका, भाजीपाला, कापूस यांत त्या फार पुढे आहेत. पण ज्या पिकाचं बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं तिकडेच त्यांचा पैसा वळणार, हे उघड आहे. तूर, हरभरा, सोयाबीन, गहू यांचे सरळ वाण शेतकरी घरी राखून पुन्हा पेरू शकतो आणि २००१ च्या कायद्याने त्याला तो हक्कही दिला आहे. बदनापूरच्या बीडीएन ७११ तुरीने किंवा राहुरीच्या दिग्विजय हरभऱ्याने जे दिलं ते या हक्कामुळे गावातल्या गावात पसरलं. फुले विक्रम हा हरभरा तर उंच वाढणारा, यंत्राने काढता यावा म्हणून निवडलेला. मजूर मिळत नाहीत त्या गावात याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

कापसात मात्र सार्वजनिक संशोधन मागे पडलं, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. नांदेडच्या केंद्रातून आलेला एनएचएच ४४, लोकांच्या तोंडी नांदेड ४४, हा संकरित वाण बरीच वर्षं कोरडवाहू कापसाचा आधार होता. रसशोषक किडींना तो बऱ्यापैकी तोंड देई. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. बीटी म्हणजे बोंडअळीला मारक ठरणारं, एका जिवाणूतून घेतलेलं जनुक असलेला कापूस. ते तंत्र खासगी हाती होतं. विद्यापीठांचे वाण त्याविना राहिले आणि शेतकरी काही हंगामांतच तिकडे गेला. बीटी जनुक घातलेला नांदेड ४४ आला तो फार उशिरा.

पुढे गुलाबी बोंडअळी त्या बीटीलाही दाद देईनाशी झाली. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तिने कापूस पोखरून काढला. मग शेतकऱ्याच्या कामाला काय आलं? मान्सूनपूर्व लागवड टाळा, डिसेंबरअखेर पीक संपवा, फरदड ठेवू नका, कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे लावा आणि सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ पतंग दिसले तरच फवारणीचा निर्णय घ्या. या शेवटच्या आकड्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. किडीमुळे होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाला ओलांडू लागतं तो टप्पा. तो काढायला विद्यापीठं आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्या प्रक्षेत्रांवर वर्षानुवर्षं मोजण्या होतात. 'अजून फवारू नका' हा सल्ला औषधाच्या दुकानात मिळण्याची शक्यता किती, ते वाचकाने ठरवावं.

## 'शिफारशी आमच्या रानात लागूच पडत नाहीत'

ही तक्रार बऱ्याचदा खरी असते. शिफारस हा मोठ्या विभागाचा सरासरीने काढलेला निष्कर्ष आहे. एकाच गावात नदीकाठची काळी आणि माळावरची मुरमाड जमीन असते, दोन्हींची खताची गरज वेगळी असते. म्हणून माती तपासून खताची मात्रा ठरवण्याची सूत्रं विद्यापीठांनी पिकवार दिली आहेत. त्यांचा वापर कमी होतो, हा प्रसाराचा दोष आहे.

शिवाय शिफारस अर्धीच पोहोचते. सोयाबीनचंच घ्या. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे सर्वांना पाठ आहे. पण सोयाबीनच्या दाण्याचं आवरण नाजूक असतं. मळणीयंत्राचा वेग मिनिटाला चारशे फेऱ्यांच्या वर गेला किंवा गोण्या उंच थप्पीवरून आपटल्या की अंकुर दुखावतो आणि बी वरून चांगलं दिसूनही उगवत नाही. घरचं बी पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. सत्तर किंवा अधिक उगवले तर बी पेरण्यालायक. हे जितक्या ठळकपणे सांगितलं जायला हवं तितकं सांगितलं जात नाही.

## मग घोडं अडतं कुठे?

माझ्या मते तीन ठिकाणी.

पहिलं माणसांचं. विद्यापीठांत शास्त्रज्ञांच्या जागा मोठ्या संख्येने रिकाम्या आहेत. पैदासकार निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली नाही, तर पाचव्या-सहाव्या पिढीत आलेलं साहित्य अनाथ होतं. रस्त्याचं काम थांबलं तर दोन वर्षांनी पुन्हा सुरू करता येतं, पैदाशीचं तसं नाही. बी साठवणीत मरतं, आणि कुठलं झाड का राखून ठेवलं ही माहिती माणसाबरोबर निघून जाते. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत केंद्राचा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के वाटा असतो, पण नेमणुकाच झाल्या नाहीत तर तो पैसा वापरणार कोण?

दुसरं बियाण्याच्या साखळीचं. पैदासकार बियाण्याची मागणी आगाऊ नोंदवावी लागते. ज्या वाणाची मागणीच कुणी नोंदवली नाही तो चांगला असूनही मागे राहतो आणि जुनाच वाण गोणीत येत राहतो.

तिसरं बाजाराचं आणि इथे विद्यापीठाच्या हातात फारसं काही नाही. वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना आंबा दिला. हापूसला छळणारा साका, म्हणजे गरात होणारा पांढरट स्पंजासारखा भाग, त्यात होत नाही. तरीही पेटीला भाव हापूसच्याच नावावर मिळतो, म्हणून बागायतदार हापूसच लावतो. त्याच वेंगुर्ल्याच्या काजूचे वाण, वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७, मात्र कोकणभर पसरले. काजू विकताना वाणाचं नाव कुणी विचारत नाही, बीचा आकार आणि वजन बघतात.

## शेतकऱ्याने काय मागावं?

प्रत्येक विद्यापीठ शेतकऱ्यांसाठी मराठीत वार्षिक मार्गदर्शिका काढतं. राहुरीची कृषी दर्शनी आणि अकोल्याची कृषी संवादिनी गावोगाव दिसतात. परभणी विद्यापीठ १८ मे रोजी खरीप मेळावा आणि १७ सप्टेंबरला रब्बी मेळावा घेतं. तिथे विद्यापीठाचं बियाणं थेट विकत मिळतं, पण ते लवकर संपतं, म्हणून सकाळीच जावं. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे आपल्या तालुक्यात यंदा कुठल्या वाणाची प्रात्यक्षिकं आहेत हे विचारावं आणि पीक उभं असताना जाऊन बघावं.

नवा वाण आणला तर पहिल्या वर्षी सगळ्या रानात तोच लावू नये. आपला नेहमीचा वाण शेजारी घ्यावा, खत-पाणी दोघांना सारखं द्यावं आणि दोन्हींचं वजन वेगळं करावं. आलेले आकडे केंद्रावर कळवावेत, फसले असतील तर आवर्जून कळवावेत. पुढची शिफारस ठरवताना चांगल्या निकालाइतकाच हा फसलेला निकालही कामाचा असतो, आणि तो शेतकऱ्याने सांगितल्याशिवाय केंद्रापर्यंत पोहोचत नाही.